हवामानाचीं भाकितें आणि त्यांची परीक्षा

"उद्यां पाऊस पडेल कीं नाहीं हें ज्यांस खात्रीनें सांगतां येत नाहीं, ते इ. स. २१०० मधील हवामान कसें सांगतात?" असा प्रश्न भूगोलाच्या तासाला कोणी ना कोणी विद्यार्थी आम्हांस दरवर्षीं विचारतोच. विचारणारा पुष्कळदां खोडकर असतो. प्रश्न मात्र खोडकर नाहीं. घरची वडील मंडळीही तोच प्रश्न निराळ्या शब्दांनीं विचारतात, आणि त्याचें नीट उत्तर न मिळाल्यामुळें लोकांत दोन तट पडलेले दिसतात. एक म्हणतो, हीं सारीं भाकितें थोतांड आहेत. दुसरा म्हणतो, जग आतां थोड्याच वर्षांत बुडणार, मग अभ्यास तरी कशाला करावयाचा? आमच्या मतें दोघांची चूक एकच आहे. शास्त्रज्ञ जें सांगतो तें ज्योतिषाच्या जातीचें भविष्य आहे असें दोघेही समजून चालतात. वास्तविक तें एक गणित असतें आणि गणित असल्यामुळें तें मागाहून ताडून पाहतां येतें. गेल्या सव्वाशें वर्षांत अशीं पुष्कळ गणितें मांडलीं गेलीं. त्यांपैकीं कोणतीं जुळलीं व कोणतीं फसलीं हें येथें पाहूं.

आपल्या पंचांगांत पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला एक वाहन दिलेलें असतें. वाहन बेडूक, म्हैस किंवा हत्ती असलें म्हणजे पाऊस चांगला, अशी शेतकऱ्याची समजूत असते. ह्या समजुतीची थट्टा करण्याचा आमचा हेतु नाहीं. आभाळाकडे डोळे लावून बसलेल्या माणसास कांहींतरी आधार हवा असतो. परंतु त्या सांगण्यांत पाऊस कां पडेल ह्याचें कारण नसतें आणि किती पडेल ह्याचा आंकडाही नसतो. त्यामुळें तें खरें ठरलें तरी आपल्या ज्ञानांत भर पडत नाहीं आणि खोटें ठरलें तरी पडत नाहीं. शास्त्राच्या अनुमानांत कारण व आंकडा हीं दोन्ही असावीं लागतात. शिवाय तिसरी एक गोष्ट असते, ती म्हणजे अट. "जर अमुक घडलें, तर तमुक घडेल," अशी त्याची भाषा असते. वर्तमानपत्रांत येतांना बहुधा हा "जर" गळून पडतो आणि नुसता "तर" शिल्लक राहतो. निम्मा घोटाळा तेथेंच होतो.

आतां विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळूं. आजची हवा आणि प्रदेशाचें हवामान ह्या दोन वेगळ्या वस्तु आहेत. चुलीवर दुधाचें भांडें ठेवलें असतां पहिला बुडबुडा कोठें येईल हें कोणासही सांगतां येणार नाहीं. परंतु जाळ वाढविला तर दूध उतूं जाईल हें घरांतील लहान मुलीसही सांगतां येतें. येत्या पौषांतील अमुक एका दिवशीं किती थंडी पडेल हें आज ठाऊक नाहीं, तरी तो महिना वैशाखाहून थंड असणार ह्याविषयीं कोणी शंका घेत नाहीं. पहिली गोष्ट बुडबुड्याची, दुसरी जाळाची. शंभर वर्षांचें अनुमान करणारा मनुष्य बुडबुडे मोजीत नसून जाळ मोजीत असतो.

हा जाळ वाढतो कसा? सूर्याचें ऊन हवेंतून खालीं येतें, जमीन तापवितें आणि तापलेली जमीन ती उष्णता अदृश्य किरणांच्या रूपानें परत आकाशांत टाकते. हवेंतील कांहीं वायु ऊन येऊं देतात, पण ही परत जाणारी उष्णता अडवून धरतात. गोधडी स्वतः गरम नसते, परंतु अंगची ऊब बाहेर जाऊं देत नाहीं, तसेंच हें. ह्या वायूंची गोधडी मुळींच नसती तर पृथ्वीचें सरासरी उष्णतामान शून्याखालीं अठरा अंश राहिलें असतें. तें शून्यावर सुमारें पंधरा आहे. फ्रान्समधील गणिती फूरिये ह्यानें १८२४ सालीं ही कल्पना मांडली. १८५६ सालीं अमेरिकेंतील युनिस फूट ह्या बाईंनीं कांचेच्या नळ्यांत निरनिराळे वायु भरून त्या उन्हांत ठेवल्या. कर्बाम्ल वायूची, म्हणजे ज्यास आतां कार्बन डायॉक्साइड म्हणतात त्याची, नळी सर्वांत अधिक तापली व निवावयासही फार वेळ लागला. हवेंत हा वायु अधिक असेल तर पृथ्वी अधिक उष्ण होईल, हें अनुमान त्यांनीं तेव्हांच लिहून ठेवलें. त्यांचा निबंध विद्वानांच्या सभेंत दुसऱ्या एका गृहस्थानें वाचला आणि पुढें शंभरांहून अधिक वर्षें त्या बाईंचें नांव कोणाच्या ध्यानांतही राहिलें नाहीं. १८५९ पासून जॉन टिंडल ह्यांनीं अधिक काटेकोर उपकरणांनीं प्रयोग करून कोणते वायु परत जाणारी उष्णता अडवितात हें पक्कें केलें.

पहिला आंकडा सांगितला स्वीडनच्या स्वांटे अर्‍हेनिअस ह्यांनीं, १८९६ सालीं. कागद आणि पेन्सिल घेऊन ते जवळजवळ वर्षभर बेरजा-गुणाकार करीत होते. त्यांचें उत्तर असें: हवेंतील कर्बाम्ल वायु दुप्पट झाला तर पृथ्वीचें उष्णतामान पांच ते सहा अंशांनीं वाढेल. त्याबरोबरच त्यांनीं असेंही काढलें कीं ही वाढ विषुववृत्तापेक्षां ध्रुवांकडे अधिक, समुद्रापेक्षां जमिनीवर अधिक, उन्हाळ्यापेक्षां हिवाळ्यांत अधिक आणि दिवसापेक्षां रात्रीं अधिक होईल. आज तोच पडताळा पाहूं. उत्तर ध्रुवाकडील प्रदेश जगाच्या सरासरीच्या दुपटीहूनही अधिक वेगानें तापत आहे, जमीन समुद्राच्या पुढें आहे, आणि गेल्या शतकांत रात्रींचें उष्णतामान दिवसापेक्षां अधिक चढलें आहे. आंकडा मात्र त्यांनीं मोठा सांगितला. वायु दुप्पट झाल्यास सुमारें तीन अंशांची वाढ होईल, असें आतां मानतात. हातानें केलेल्या गणिताच्या मानानें ही चूक लहानच म्हणावी लागेल.

त्यांची मोठी चूक दुसरीकडे होती. त्या काळीं जगांत जितका कोळसा जळत होता तें प्रमाण पाहून, हा वायु दीडपट व्हावयासही हजारों वर्षें लागतील असें त्यांस वाटलें. शिवाय स्वीडनसारख्या थंड देशांत राहणाऱ्या माणसास थोडी अधिक ऊब ही भीतीची गोष्ट वाटली नाहीं, ह्यांत नवल काय? यंत्रयुगापूर्वीं हवेच्या दहा लक्ष भागांत ह्या वायूचे सुमारें २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. म्हणजे दीडपट होऊनही गेलें, आणि तें सव्वाशें-दीडशें वर्षांत. विद्यार्थ्यांनीं हें नीट लक्षांत घ्यावें: निसर्गाचा "तर" अर्‍हेनिअस ह्यांस पुष्कळसा बरोबर सांपडला; माणसाचा "जर" सांपडला नाहीं. पुढील साऱ्या भाकितांत हीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसून येते.

१९३८ सालीं इंग्लंडांत गाय कॅलेंडर नांवाच्या एका वाफेच्या यंत्रांच्या एंजिनिअरनें फावल्या वेळांत जगांतील १४७ ठिकाणांच्या जुन्या नोंदी जमविल्या व पन्नास वर्षांत पृथ्वी थोडी तापली आहे आणि तिचें एक कारण कोळशाचा धूर आहे, असें विद्वानांपुढें मांडलें. तो धंद्यानें हवामानशास्त्रज्ञ नव्हता, त्यामुळें बहुतेकांनीं सौम्य शब्दांनीं अविश्वासच दाखविला. वाद मिटवावयास हवेंतील वायूचें खरें मोजमाप हवें होतें. तें चार्ल्स कीलिंग ह्यांनीं १९५८ सालीं हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर सुरू केलें. तेव्हां आंकडा सुमारें ३१५ होता. तेव्हांपासून तेथें हें मोजमाप चालू आहे. त्याचा आलेख विद्यार्थ्यांनीं अवश्य पाहावा. उत्तर गोलार्धांतील झाडें उन्हाळ्यांत वायु शोषतात व हिवाळ्यांत तो परत सुटतो, म्हणून ती रेषा दरवर्षीं एकदां खालीं व एकदां वर अशी करवतीच्या दांत्यांप्रमाणें चढत गेली आहे. पृथ्वीचा श्वासोच्छ्वासच जणूं कागदावर उतरला आहे.

यानंतर गणकयंत्रें आलीं. जपानांत जन्मलेले व अमेरिकेंत काम केलेले स्युकुरो मानाबे ह्यांनीं १९६७ सालीं आपल्या एका सहकाऱ्याबरोबर केलेलें गणित आम्हांस ह्या सर्व इतिहासांत सर्वांत सुंदर वाटतें. वायु दुप्पट झाल्यास जमिनीजवळची हवा २.३ अंशांनीं तापेल, असें त्यांनीं सांगितलेंच. पण वरचें वातावरण, म्हणजे ढगांच्याही पलीकडचा थर, त्याच वेळीं थंड होईल, असेंही सांगितलें. हें प्रथम उलटें वाटतें. परंतु विचार करा: पृथ्वी जर सूर्य प्रखर झाल्यामुळें तापत असती, तर खालचा व वरचा दोन्ही थर तापले असते. खालीं ऊब आणि वर गारवा ही खूण गोधडीचीच असूं शकते. पुढील दशकांत फुगे व उपग्रह ह्यांच्या साह्यानें मोजलें तेव्हां वरचा थर खरोखरच थंड होत असलेला आढळला. ओझोन वायूच्या नाशाचाही त्यांत भाग आहे, तरी अगदीं वरच्या भागांतील गारव्याचें मुख्य कारण हाच वायु होय. सूर्यावर दोष ढकलणाऱ्यांस ह्या एका गोष्टीचें उत्तर अद्याप देतां आलेलें नाहीं. मानाबे ह्यांस २०२१ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें, म्हणजे निबंधानंतर ५४ वर्षांनीं.

१९८८ च्या जून महिन्यांत अमेरिकेच्या सिनेटपुढें जेम्स हॅन्सेन ह्यांनीं साक्ष दिली. त्यांनीं एकच भाकित सांगितलें नाहीं, तीन सांगितलीं: वायु भराभर वाढत गेले तर, मध्यम वाढले तर आणि एकदम आवरले तर. पहिलें भाकित प्रत्यक्षापेक्षां फार अधिक ठरलें, आणि त्यांच्यावर टीका करणारे नेहमीं तेवढेंच दाखवितात. मधलें भाकित प्रत्यक्षाच्या बरेंच जवळ आलें, तरी थोडें अधिकच ठरलें, कारण त्यांच्या गणितांत पृथ्वी होती त्याहून अधिक संवेदनशील धरली होती. पण त्यांच्या गणिताची खरी कसोटी १९९१ सालीं लागली. त्या वर्षीं जून महिन्यांत फिलिपाइन बेटांतील पिनाटुबो ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला व गंधकाचा धूर फार उंच जाऊन जगभर पसरला. ह्या धुरानें ऊन अडेल आणि १९९२ च्या अखेरीपर्यंत पृथ्वी सुमारें अर्धा अंश थंड होऊन पुढें पुन्हा तापूं लागेल, असें हॅन्सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आधींच प्रसिद्ध केलें. तसेंच घडलें. तापण्याचेंच भाकित करणाऱ्या गणितानें थंडावण्याचेंही भाकित बरोबर केलें, हें विशेष होय.

एकदोन उदाहरणें निवडून कोणासही काय वाटेल तें सिद्ध करतां येतें, म्हणून सर्व हिशेब एकत्र पाहणें न्यायाचें. १९७० पासून २००७ पर्यंत प्रसिद्ध झालेलीं अशीं १७ गणितें २०१९ सालीं कांहीं संशोधकांनीं प्रत्यक्ष उष्णतामानाशीं ताडून पाहिलीं. १० जशींच्या तशीं जुळलीं. माणसांनीं प्रत्यक्षांत किती धूर सोडला तो आंकडा घालून पुन्हा पाहिलें तेव्हां १४ जुळलीं. परीक्षेंतील शेंकडा बयायशी गुण वाईट नव्हेत.

चुकाही सांगितल्या पाहिजेत. संयुक्त राष्ट्रांच्या आश्रयाखालीं १९८८ पासून जगांतील हवामानसंशोधनाचा आढावा घेणारें एक मंडळ आहे. त्याच्या २००७ च्या अहवालांत हिमालयांतील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहींशा होतील असें एक वाक्य शिरलें. त्याला कांहींही आधार नव्हता, आणि २०१० सालीं तें मागें घ्यावें लागलें. आर्क्टिक समुद्रावरील बर्फ २०१३ च्या उन्हाळ्यापर्यंत संपेल असेंही कोणी सांगितलें होतें. तें संपलें नाहीं. परंतु त्याच आर्क्टिक बर्फाविषयीं बहुतेक गणितें उलट बाजूस चुकलीं होतीं. बर्फ त्यांनीं सांगितलें होतें त्याहून लवकर आटला. शास्त्रज्ञ नेहमीं अतिशयोक्ति करतात असा जो समज आहे तो म्हणून खरा नाहीं. आमच्या अनुभवाप्रमाणें, ज्या भाकितांत एखादें ठसठशीत साल आणि मोठा विनाश असतो, तें फसण्याचा संभव अधिक. ज्यांत "इतक्यापासून इतक्यापर्यंत" अशी कंटाळवाणी मर्यादा दिलेली असते, तें बहुधा टिकतें.

आतां आपल्या देशाविषयीं. १८७६–७८ च्या भयंकर दुष्काळानंतर सरकारी वेधशाळेचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड ह्यांनीं हिमालयावरील बर्फ पाहून पावसाळ्याचें अनुमान करावयास आरंभ केला व १८८६ सालीं पहिलें रीतसर अनुमान प्रसिद्ध झालें. त्यांच्या मागून गिल्बर्ट वॉकर ह्यांनीं जगभरच्या हवेच्या दाबाचा अभ्यास करून पॅसिफिक महासागर आणि आपला मान्सून ह्यांचा संबंध शोधला. ह्या कचेरीचें ठाणें १९२८ सालीं सिमल्याहून पुण्यास आलें. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून "सिमला ऑफिस" म्हणतात. येत्या हंगामांत पाऊस किती, हें अनुमान आजही अवघडच आहे, कारण तें जाळ आणि बुडबुडे ह्यांच्या मधलें आहे.

परंतु पावसाच्या रीतीविषयीं भौतिकशास्त्र स्पष्ट बोलतें. हवा एक अंश तापली कीं तिच्यांत शेंकडा सात ह्या प्रमाणांत अधिक बाष्प मावतें. म्हणून पडेल तेव्हां धो धो पडेल आणि मधली उघडीप लांबेल, असें अनुमान पुष्कळ वर्षांपूर्वींच केलें गेलें होतें. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेंतील रॉक्सी मॅथ्यू कॉल व त्यांचे सहकारी ह्यांनीं २०१७ सालीं दाखवून दिलें कीं, गुजराथ-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंतच्या पट्ट्यांत १९५० ते २०१५ ह्या काळांत एकूण पाऊस घटत असतांही विस्तृत प्रदेशावर होणारी अतिवृष्टि जवळजवळ तिप्पट वाढली. मुंबईस २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रुझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हें पालकांच्या स्मरणांत असेल. तेवढी एक घटना म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा असतो तो पासष्ट वर्षांच्या नोंदींत. अरबी समुद्राचीही तीच गोष्ट. पूर्वीं वादळें म्हणजे बंगालच्या उपसागराचा विषय असे. आतां आपल्या बाजूचा समुद्र तापल्यानें इकडेही तीं वाढलीं आहेत. ३ जून २०२० रोजीं "निसर्ग" वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलें, तेव्हां श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत ज्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या, त्या पुन्हा लावून उत्पन्न यावयास किती वर्षें लागतात हें बागाईतदारासच विचारावें.

पुढें काय? त्याच मंडळाच्या २०२१ च्या अहवालांत पांच वाटा सांगितल्या आहेत. धूर झपाट्यानें आवरला तर शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत पृथ्वी यंत्रयुगापूर्वींच्या मानानें सुमारें १.४ अंश अधिक उष्ण असेल. मधल्या वाटेनें २.७, आणि बेफाम वाढला तर ४.४. समुद्राची पातळी २१०० पर्यंत पहिल्या वाटेनें २८ ते ५५ सेंटिमीटर आणि शेवटच्या वाटेनें ६३ ते १०१ सेंटिमीटर चढेल. येथें पालकांनीं एक बारीक गोष्ट पाहावी. २०५० पर्यंत समुद्र कोणत्याही वाटेनें गेलें तरी जवळजवळ सारखाच, म्हणजे वीस सेंटिमीटरांच्या आसपास, चढणार आहे. कारण खोल पाणी हळूहळू तापून फुगतें आणि बर्फही सावकाश वितळतें. म्हणून किनाऱ्यालगत घर बांधणाऱ्यानें तेवढी वाढ गृहीत धरूनच जोतें उचलावें. त्यापुढची वाढ मात्र अद्याप ठरलेली नाहीं.

भाकित ऐकून ते टाळल्याचें एक उदाहरण झालें आहे. शीतपेट्यांत वापरल्या जाणाऱ्या कांहीं वायूंमुळें वरचा ओझोनचा थर विरळ होईल, असें मोलिना व रोलंड ह्यांनीं १९७४ सालीं सांगितलें. (विद्यार्थी उत्तरपत्रिकेंत ओझोनचें छिद्र आणि पृथ्वीचें तापणें एकच समजून लिहितात, त्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.) १९८५ सालीं दक्षिण ध्रुवावर तें छिद्र आढळल्याचें प्रसिद्ध झालें, १९८७ सालीं माँट्रिऑल येथें राष्ट्रांनीं करार केला, आणि आतां तो थर सावकाश भरून येत आहे. सांगितलेला मोठा अनर्थ घडला नाहीं, म्हणून ते दोघे खोटे ठरले असें कोणी म्हणत नाहीं. कोळसा व तेल सोडणें हें शीतपेटीचा वायु बदलण्यापेक्षां फारच कठीण आहे, हें आम्ही जाणतों. तरी २०१५ च्या पॅरिस कराराच्या आधीं जग चार अंशांच्या बाजूस चाललें होतें. आज जीं धोरणें प्रत्यक्ष अमलांत आहेत तीं तशींच चाललीं तर शतकाअखेर तीन अंशांच्या आसपास वाढ होईल, असा अंदाज आहे. तीन अंश ही कांहीं सुखाची गोष्ट नव्हे. दोन अंशांतच समुद्रांतील बहुतेक सर्व पोंवळ्यांची बेटें मरतील असें सांगतात. परंतु आंकडा चारावरून तीनावर आला तो निसर्ग बदलल्यामुळें नव्हे. "जर" थोडा बदलला.

इयत्ता आठवींतील विद्यार्थ्यांनीं पुढील आंकडे वहींत तारीख घालून उतरून घ्यावे; ते चाळिशीला येतील तेव्हां त्यांस ते स्वतः तपासतां येतील. मौना लोआ येथील वायु: २०२४ सालीं ४२० च्या वर. पृथ्वीची उष्णता: २०२४ हें नोंदींतील तोंवरचें सर्वांत उष्ण वर्ष, १८५०–१९०० च्या सरासरीहून सुमारें दीड अंश अधिक, अनेक वर्षांची सरासरी मात्र त्याहून थोडी खालीं. समुद्र: २००६ ते २०१८ ह्या काळांत दरवर्षीं ३.७ मिलिमीटर चढ. चौथी नोंद आपल्या गांवच्या पावसाची असावी. ती ज्याची त्यानें ठेवावयाची आहे. पर्जन्यमापक झाडापासून व भिंतीपासून दूर, मोकळ्या जागेंत बसवावा आणि मोजणी रोज सकाळीं साडेआठ वाजतां करावी, कारण सरकारी वेधशाळेचा पावसाचा दिवस त्याच वेळीं संपतो. पाऊस मुळींच झाला नसेल त्या दिवशीं रकाना रिकामा न ठेवतां शून्य लिहावें.